गादी रिकामी असताना

फोन वाजला तेव्हा माझं पेन कागदापासून बोटभर वर होतं. कागद भाचीच्या लग्नाचा. सही करायची, शिक्का मारायचा, पाकिटात घालायचा, एवढंच काम. मनात आणलं असतं तर फोन आणखी दोनदा वाजेपर्यंत सही तरी झाली असती. पण आमच्या बिशपांना फोनची तिसरी घंटा खपत नसे. अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून माझा हात असा तयार झाला होता की दुसरी घंटा संपायच्या आत रिसीव्हर कानाला. बिशप इस्पितळात पडून महिना होऊन गेला होता, तिसरी घंटा ऐकून कपाळाला आठी घालायला त्या मजल्यावर कोणी नव्हतं, तरी मी पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. पलीकडे वॉर्डातली सिस्टर होती. ती म्हणाली, "फादर, बिशप गेले. अकरा वीसला. मी जवळच होते." मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा पस्तीस झाले होते. मी तिचे आभार मानले, कशाबद्दल ते देव जाणे, आणि फोन खाली ठेवला.

आमच्यातलं ज्याला काही ठाऊक नाही तो म्हणेल, म्हातारा माणूस गेला, वाईट झालं, पण सही करायला काय हरकत आहे. हरकत आहे. मी व्हिकर जनरल, म्हणजे बिशपांच्या खालोखालचा माणूस. धर्मप्रांतातले बहात्तर धर्मगुरू, एकतीस चर्च, शाळा, दवाखाने, दोन दफनभूमी, या सगळ्याचा रोजचा कारभार बिशपांच्या नावाने मी पाहतो. पाहत होतो. बिशपांचा अधिकार त्यांचा स्वतःचा असतो, माझा त्यांच्याकडून आलेला, नळाला टाकीतून पाणी येतं तसा. बिशपांनी शेवटचा श्वास सोडला की त्या क्षणी व्हिकर जनरल उरत नाही. त्याला कोणी काढत नाही, पत्र येत नाही, निरोपसमारंभ होत नाही. कायद्याने एकच सवलत ठेवली आहे. मृत्यूची खात्रीची बातमी कानावर येईपर्यंत त्याने जे केलं असेल ते ग्राह्य धरायचं. अकरा वीस ते अकरा पस्तीस या पंधरा मिनिटांत मी दोन सह्या केल्या होत्या. एक, कुठल्याशा चर्चला सायकलींसाठी पत्र्याची शेड उभारायची परवानगी. दुसरी, एका फादरांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा आठवड्यांची रजा. दोन्ही पक्क्या. शेड उभी राहील, गुडघा बदलला जाईल. तिसरा कागद भाचीचा. बिशप वारले तरी तो पंधरा मिनिटं जिवंत होता. मी फोन उचलला आणि तो मेला.

भाचीचा होणारा नवरा बाप्तिस्मा न झालेला. मुलगा चांगला आहे, जहाजावर इंजिनिअर, बोलायला कमी, चेहरा कायम नुकताच झोपेतून उठल्यासारखा. अशा लग्नाला आमच्याकडे बंदी नाही, पण बिशपांची, किंवा त्यांच्या वतीने माझी, लेखी सूट लागते. ती नसेल तर ऑर्गन वाजला, अंगठ्या घातल्या, फोटो निघाले, तरी चर्चच्या लेखी ते लग्नच नाही. लग्न शनिवारी दहा वाजता, आणि आज बुधवार. पुढे ढकलायची सोय नाही, कारण मुलाचं जहाज सोमवारी सकाळी सुटतं ते नऊ महिन्यांनी परत येतं. बरं, अर्ज काही काल आलेला नव्हता. माझ्या टेबलावर येऊन त्याला एकोणीस दिवस झाले होते. आपल्या माणसाचं काम आधी केलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी तो गठ्ठ्याच्या तळाशी घातला. त्याची पाळी वर आली तेव्हा पुन्हा तळाशी घातला. ऑफिसातल्या बाई मला माझ्या मागे 'शिक्का' म्हणतात, आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी तो कागद दोनदा न बोलता वर काढून ठेवला. तिसऱ्या वेळी मात्र बोलल्या, की फादर, घरचंच काम आहे म्हणून सांगते, दिवस कमी राहिलेत. घरचंच म्हणाल्या एवढ्यावरून मी तो आणखी दोन दिवस अडवला. मग वाटलं, यावर सही बिशपांनीच करावी, म्हणजे माझ्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा नको. एकदा बॅगेत घालून इस्पितळात नेलाही. ते पाणी मागत होते. मी चमच्याने त्यांना पाणी पाजलं, ओठ पुसले, आणि कागद होता तसा परत आणला. पण हे सगळं सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. यात माझी थोडी चैन चालली होती. बहिणीचं काम माझ्या हातात आहे, मी ते करणार आहे, पण नियमाने, सगळ्यांसारखं थांबायला लावून करणार आहे, या कल्पनेने मी एकोणीस दिवस स्वतःवर खूश होतो. रोज संध्याकाळी ड्रॉवर बंद करताना आपण फार सरळ माणूस आहोत असं वाटायचं.

सही करून टाकावी हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. खोलीत मी एकटा. बाई पोस्टात गेलेल्या. फोन किती वाजता आला हे कोण कोणाला विचारणार? अकरा चौतीसला केली म्हणायचं. मी पेन पुन्हा हातात घेतलं, आणि शनिवार डोळ्यांपुढे आला. बहीण पहिल्या बाकावर बसेल, भाची हसेल, नवरा मुलगा नेहमीसारखा अर्धा झोपेत असेल. पुढे त्यांना मुलं होतील, मीच त्यांचा बाप्तिस्मा करीन, आणि या दोघांचं लग्न झालेलं नाही हे अख्ख्या जगात एकट्या मला माहीत असेल. पण म्हणून मी थांबलो असंही नाही. पापाची भीती वाटली असती तर बरं झालं असतं, निदान काही वाटलं असतं. हात उठला नाही, इतकंच. माझा हात कोणीतरी हो म्हटल्याशिवाय उठत नाही. ही सवय जन्माची नव्हे. गुरुदीक्षेच्या दिवशी मी तेव्हाच्या बिशपांपुढे गुडघे टेकले, जोडलेले हात त्यांच्या ओंजळीत दिले, आणि त्यांनी विचारलं, माझ्या आणि माझ्यामागून येणाऱ्यांच्या आज्ञेत राहशील का. मी म्हटलं, राहीन. त्यांचे तळवे गार आणि किंचित ओलसर होते, एवढंच मला त्या विधीतलं लख्ख आठवतं. आई समोर बसली होती आणि तिच्या शेजारी सोळा वर्षांची बहीण, आईची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मिस्सा, म्हणजे उपासनेचा विधी, झाल्यावर आईने माझ्या तळव्यांची चुंबनं घेतली आणि तेव्हापासून ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली. बहीण 'तू'च म्हणत राहिली. पुढे आई सात वर्षं अंथरुणावर होती. ते सगळं बहिणीने काढलं, नोकरी सांभाळून, लग्न उशिरा करून. मी महिन्यातून एकदा जायचो, आईला आशीर्वाद द्यायचो, बहिणीने केलेला चहा प्यायचो आणि निघायचो. देवाला दिलेल्या माणसाला घरच्या कामाला लावायचं नसतं असं आईचं मत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचं होतं.

आमच्या पायऱ्या कळायच्या असतील तर आमची मिरवणूक पाहावी. सगळ्यांत धाकटे पुढे, थोरले मागे, बिशप सगळ्यांत शेवटी. पहिल्या वर्षी मी क्रूसाच्या पाठोपाठ चालत होतो. एकतीस वर्षांत मागे मागे सरकत बिशपांच्या नेमका पुढे आलो. आमच्याकडे मागे पडणं म्हणजे वर चढणं. प्रत्येक पायरीला एक लिफाफा. साहाय्यक फादर, मग प्रमुख, मग बिशपांचा चिटणीस, मग हे. लिफाफा फोडण्याआधीच उत्तर ठरलेलं असे. एकदाच मला नको वाटलं होतं. कारखान्याजवळच्या चर्चमध्ये होतो, पाळी सुटली की कामगार तेलकट हातांनी थेट मिस्साला येत, मागच्या बाकांना कायमचे काळे डाग पडलेले, आणि मला पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटत होतं. तिसऱ्या वर्षी लिफाफा आला. पाच दिवसांत सामान बांधलं. रडलो का? रडलो, न्हाणीघरात, नळ सोडून. पुढे तेच लिफाफे मी इतरांना नेऊन द्यायला लागलो तेव्हा मला वाटायचं, आपण सोसलं, यांनीही सोसावं, त्यातच सगळं आलं.

मग कामं सुरू झाली. आर्चबिशपांच्या कार्यालयाला कळवलं, फादरांना निरोप गेले, पोस्टातून परतलेल्या बाई रडल्या आणि डोळे पुसून टाइप करायला बसल्या. मोठ्या चर्चची घंटा वाजवायला सांगायची तर तो हुकूम होतो, आणि हुकूम द्यायचा आपल्याला आता अधिकार आहे का, यावर मी जिन्यात उभा राहून पाच मिनिटं विचार केला. शेवटी घंटावाल्याला नुसतं म्हटलं, बिशप वारले. तो आपणहून वर गेला. साडेबाराची मिस्सा माझी होती. मधल्या प्रार्थनेत आम्ही आधी पोपचं नाव घेतो, मग आमच्या बिशपांचं. गादी रिकामी असली की ते दुसरं नाव गाळायचं आणि सरळ पुढे जायचं. अकरा वर्षांत चार हजार वेळा तरी मी ते नाव उच्चारलं असेल. जीभ तिथे गेली, अर्धं नाव बाहेर आलं, आणि मी थांबलो. बाकांवर दहा-बारा माणसं होती, कोणी मान वर केली नाही. मला रडू फुटलं. पहिल्या बाकावरच्या बाईला वाटलं असेल, बिशपांवर किती माया. माझ्या डोळ्यांपुढे टेबलावरचा कागद होता, आणि त्याची मला भयंकर लाज वाटली.

बिशप गेले की कारभार सहा सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाकडे जातो. आठ दिवसांत ते आपल्यातल्या किंवा बाहेरच्या एकाला प्रशासक निवडतात आणि तो नवा बिशप येईपर्यंत गाडा ओढतो. सहांपैकी एक मी. मंडळ बोलवायचं काम सगळ्यांत आधी दीक्षा झालेल्याचं, म्हणजे आमच्यातल्या थोरल्यांचं. ते ब्याऐंशीचे, वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात राहतात. चार वर्षांपूर्वी तिकडे जायचा लिफाफा त्यांना मीच नेऊन दिला होता. त्या दिवशी ते गुलाबांच्या फांद्या छाटत होते, त्यांनी लिफाफा न फोडता खिशात ठेवला आणि छाटणी पुरी केली. जेवण गेलं नाही, तेव्हा दोनच्या सुमाराला मी त्यांना फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला. बातमी त्यांना कळली होती. बिशप त्यांचे विद्यार्थी. पोरगं अक्षर फार सुंदर काढायचं, असं काहीसं ते म्हणाले. मग मी कागदाचं सांगितलं, सगळं, एकोणीस दिवसांसकट. त्यांच्यापुढे लपवायचं सुचलं नाही. ते म्हणाले, त्यात काय, व्हिकर जनरलला जे करता येतं ते आता मंडळाला करता येतं, आपण सहा जण देऊन टाकू सूट. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी भिंतीला टेकलो. आणि मग ते म्हणाले, "थांब रे जरा." कागदांची सळसळ ऐकू आली. चष्मा शोधला असावा. मग ते सावकाश वाचायला लागले, "गादी रिकामी असताना, प्रशासक पदभार घेईपर्यंत, कोणत्याही स्वरूपाची सूट, परवानगी अथवा बदली दिली जाणार नाही." वाचून झाल्यावर म्हणाले, "मार्चमधलं पत्रक आहे. भाषा तुझीच दिसते."

भाषा माझीच होती. बिशपांना पहिला झटका आला तेव्हा मी ते पत्रक लिहिलं होतं. आधीच्या बिशपांच्या वेळी त्या मधल्या दिवसांत ज्याने त्याने आपापली कामं उरकून घेतली होती, तसं पुन्हा होऊ नये म्हणून. तीन रात्री जागून लिहिलं, एकही फट राहू दिली नाही. बिशप वाचून म्हणाले, बिनतोड झालंय. सहाही जणांनी त्यावर सह्या केल्या. मी थोरल्यांना विचारलं, ते बाजूला ठेवता येणार नाही का. "येईल की," ते म्हणाले, "सहाही जण एका टेबलाशी बसले तर. फोनवर चालणार नाही, तेही तूच घातलंयस, शेवटच्या कलमात. दोघं परगावी आहेत, रविवारी रात्री पोचतील. अंत्यविधी सोमवारी. सोमवारी संध्याकाळी बसू आपण." सोमवारी सकाळी जहाज सुटतं हे मी त्यांना सांगून झालं होतं, पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कागद घडी करून ठेवल्याची सळसळ झाली. मग म्हणाले, "तुझ्यावर राग नाही हो माझा. आश्रमाचाही नाही. मी आत्ता सही केली असती, डोळे मिटून. पण तू कोणाच्या हातात काही ठेवलंच नाहीस रे."

पाच वाजता मी शिक्का कपाटात ठेवला, किल्ली पाकिटात घालून ते चिकटवलं आणि चालत निघालो. बहिणीचं घर बसने तीन थांबे, पण लवकर पोचायची इच्छा नव्हती. रस्ता रोजच्यासारखा होता. किल्ल्या बनवणारा कानशीने घासत बसला होता, एका दुकानाच्या शटरला हिरवा रंग देणं चाललं होतं आणि सगळ्या फुटपाथवर त्याचा वास. न्हाव्याने दारातून हात वर केला. सकाळी मी याच रस्त्याने आलो तेव्हा या भागातल्या हजारो माणसांची लग्नं लावू देणारा आणि अडवणारा माणूस होतो, आणि आता नव्हतो, आणि चेहऱ्यावरून ते कोणालाच कळत नव्हतं. मलाही चालण्यात काही फरक वाटत नव्हता, फक्त डावीकडे वळायचं की उजवीकडे हे प्रत्येक कोपऱ्यावर नव्याने ठरवावं लागत होतं. बहिणीला काय सांगायचं ते मी चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. चारही तऱ्हांत मी जरा बरा माणूस दिसत होतो, म्हणून चारही टाकून दिल्या.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. भाची स्टुलावर उभी होती, लग्नाचा पांढरा पोशाख घालून, आणि बहीण खाली बसून त्याची किनार दुमडत होती, ओठांत टाचण्या धरून. भाची कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. नखांत प्लास्टर राहिलं होतं, म्हणून तिने हात पोशाखापासून लांब धरले होते. मला पाहून बहिणीने एकेक टाचणी काढून उशीला लावली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "घंटा ऐकली मी," ती म्हणाली. "तुझं फार जवळचं माणूस गेलं रे दादा." तिने मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, बूट काढ म्हणाली. कागदाला उशीर का झाला हे तिने स्वतःच्या मनाशी आधीच लावून घेतलं होतं. त्यांच्या आजारपणात तुला हे कुठून सुचणार, मी हिला सांगतच होते, उगाच दादाच्या मागे लागू नकोस. हे ती मला सांगत होती, माझ्या वतीने, आणि मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून ऐकत होतो. हे चाललं असतं. बिशपांच्या आजारपणावर सगळं ढकलून मी उठू शकलो असतो. मग मी सांगितलं. फोन, सही, पत्रक, सोमवार, आणि एकोणीस दिवस.

बहिणीने हिशोब केला असावा. ती म्हणाली, "म्हणजे हिच्या वाढदिवसाला तू जेवायला आलास, तेव्हा तो तुझ्याकडेच होता."

"हो."

"मी विचारलं, तर बघू म्हणालास."

"हो."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने पदराने, घाम नसताना, गळा पुसला. म्हणाली, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं, एकदाच मागायचं, म्हणजे नाही म्हणणार नाही." खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा त्याला आणखी, आणखी, बस, असं सांगत होता.

भाची स्टुलावरून उतरली. या पिढीचं मला नवल वाटतं, ती रडली नाही. नवऱ्या मुलाच्या घरच्यांसाठी नोंदणी कार्यालयात नोटीस महिन्यापूर्वीच दिली होती, म्हणाली, मुदत पुरी झालीय, शुक्रवारी तिथे सह्या करून टाकू. आईला म्हणाली, चर्चचं तो परत आल्यावर पाहू, नऊ महिनेच तर आहेत. बहिणीने मान डोलावली. चर्चमध्ये लग्न झाल्याशिवाय मुलीला परक्या घरी पाठवणं हे तिच्या मनात कधी नव्हतं, आणि आता ते ती माझ्यासमोर, माझ्यामुळे, गिळत होती. भाची माझ्यापाशी आली. तिच्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास होता. म्हणाली, "मामा, साक्षीदार तीन लागतात. त्याचा भाऊ आहे, माझी एक मैत्रीण आहे. तिसरी सही तुमची घालू? मामा म्हणून. फादर म्हणून नाही." ती माझ्याकडे अशी पाहत होती की तिला खरोखर मी हवा होतो. एवढं सगळं ऐकूनसुद्धा.

मला हो म्हणायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो, माझ्या आतला सगळा माणूस हो म्हणत होता. चर्चबाहेरच्या लग्नाला धर्मगुरूने साक्षीदार म्हणून सही करायची तर बिशपांची परवानगी लागते. या अकरा वर्षांत मी ती दोघांना नाकारली होती, एकाला तर त्याच्या सख्ख्या भावाच्या लग्नात. मी पेला खाली ठेवला, भाचीचा प्लास्टर लागलेला हात हातात घेतला, तोंड उघडलं, आणि मला ऐकू आलं की मी म्हणतोय, "विचारून सांगतो."

भाचीने हात काढून घेतला नाही. बहिणीने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोणाला, दादा?"